नोबेलवाला बॉस आणि आठ राजीनामे

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमधली एक प्रयोगशाळा. दारात अडकलेली पिन एका सेक्रेटरीच्या हाताला लागली. बॉसला त्यात घातपात दिसला आणि लोकांची लाय डिटेक्टरवर चाचणी घ्यायची भाषा सुरू झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ती डोकं तुटलेली साधी पुशपिन निघाली.

हा बॉस ऐरागैरा नव्हता. ट्रान्झिस्टरवरच्या कामासाठी १९५६चं नोबेल बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासोबत मिळवलेला विल्यम शॉकली. त्याच वर्षी बेकमन इन्स्ट्रुमेंट्सच्या पैशावर त्याने ही प्रयोगशाळा थाटली आणि देशभरातून हुशार तरुण निवडून आणले. माणसं त्याने अचूक हेरली, पण त्यांच्यावर विश्वास टाकणं त्याला जमलं नाही. सगळ्यांचे पगार त्याने भिंतीवर लावले. सहकाऱ्यांनी काढलेले निष्कर्ष तो बेल लॅब्जमधल्या जुन्या मित्रांना फोन करून पडताळायचा. ट्रान्झिस्टर बाजूला ठेवून सगळ्यांना आपल्या लाडक्या चार थरांच्या डायोडमागे लावायचा.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. मला मात्र राजीनाम्यांआधीचे महिने महत्त्वाचे वाटतात. ही मुलं लगेच पळाली नाहीत. ती थेट मालक आर्नल्ड बेकमनकडे गेली. म्हणाली, शॉकलीला सल्लागार करा, रोजचा कारभार दुसऱ्याकडे द्या. बेकमनने ऐकून घेतलं, पण शेवटी तो शॉकलीच्याच पाठीशी उभा राहिला. बॉसची तक्रार वर करून झाल्यावर त्याच बॉससमोर रोज बसायचं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मग युजीन क्लायनरने वडिलांच्या ओळखीच्या ब्रोकर कंपनीला पत्र लिहिलं: आम्हा सगळ्यांना एकत्र कुणी नोकरी देईल का? तिथल्या आर्थर रॉकने सुचवलं, नोकरी कशाला, कंपनीच काढा. रॉबर्ट नॉइस सगळ्यात शेवटी तयार झाला. सप्टेंबर १९५७मध्ये आठ राजीनामे पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. या आठांना नाव पडलं 'गद्दार आठ'.

१९५९मध्ये याच गद्दारांपैकी हॉर्नीने प्लेनर प्रक्रिया आणली आणि तिच्या आधारावर नॉइसने सिलिकॉनची इंटिग्रेटेड सर्किट सुचवली. शॉकलीची प्रयोगशाळा बेकमनने १९६०मध्ये विकून टाकली.

हे फक्त धाडसाचं फळ नव्हतं. नोकरी सोडून स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारे करार कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १८७२पासूनच निरर्थक ठरवले होते. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये अडकलेल्या आपल्या पिढीने हे लक्षात ठेवावं: दार उघडं असेल तरच बाहेर पडता येतं.

१९६८मध्ये नॉइस आणि मूर यांनी फेअरचाइल्डही सोडली. तिथले मोठे निर्णय दूर पूर्व किनाऱ्यावरची मूळ कंपनी घ्यायची. दोघांनी इंटेल काढली. या वेळी त्यांना गद्दार म्हणायला फारसं कुणी पुढे आलं नाही.