एका वर्षात घडलेले मास्तर

शाळा आहे, मुले आहेत, पण मास्तर नाहीत, ही अडचण खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. इंग्लंडसारख्या संपन्न देशावरही एकदा हीच पाळी आली होती. त्यांनी ती कशी निभावली, तेवढे आज सांगतो.

1944 साली तेथे शिक्षणाचा नवा कायदा झाला. सक्तीच्या शिक्षणाचे वय 14 वरून 15 वर न्यायचे ठरले. म्हणजे मुलांचा एक आख्खा वर्ग दरसाल शाळेत जादा राहणार. आणि मास्तर? कित्येक तरुण शिक्षक युद्धावर गेलेले. अध्यापक विद्यालयाचा अभ्यासक्रम तर 2 वर्षांचा. थांबायचे कुठवर?

तेव्हा सरकारने तातडीची योजना काढली. सैन्यात वा युद्धाच्या इतर कामात राबलेल्या स्त्रीपुरुषांनी अर्ज करावा. अमुक परीक्षा पास हवी, अशी अट नाही. मुलाखत घेऊन माणूस पारखायचा, वर्षभर शिकवायचा, आणि वर्गावर पाठवायचा. शिक्षण मोफत, वर पोटापुरता भत्ता. लाखावर अर्ज आले! इतके, की निवड झालेल्यांनाही जागेसाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, असे घाईघाईने केलेले मास्तर कच्चेच असायचे. तेथल्या जुन्या शिक्षकांतही ही कुरकुर होतीच, आणि ती अगदीच गैरवाजवी होती असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या मंडळींना 'तात्पुरते' म्हणून बाजूला बसवले नाही. पुढे 2 वर्षे उमेदवारी आणि तिच्याबरोबर स्वतःचा अभ्यास बंधनकारक. ती पार पडली की इतरांसारखेच पक्के शिक्षक. पगारही त्याच श्रेणीचा. कपात झाली ती मुदतीत. दर्जाच्या शिक्क्यात नव्हे. मला तरी योजनेचे मर्म इथेच दिसते.

जानेवारी 1947 मध्ये पैशाच्या ओढाताणीपायी मंत्रिमंडळात वयोवाढ पुढे ढकलायची भाषा सुरू झाली. शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन गरीब घरातून शिकून वर आलेल्या बाई. त्या हटून बसल्या. फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. 1 एप्रिलला ठरल्याप्रमाणे वय वाढले. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या.

1951 पर्यंत सुमारे 35,000 शिक्षक या वाटेने तयार झाले. त्यांत पुरुष पुष्कळ, बाया कमी. त्यामुळे लहानग्यांच्या वर्गांना शिक्षिकांची चणचण राहिलीच.

विद्यालयांना इमारती नव्हत्या, म्हणून मिळेल तो वाडा घेतला. लंडनजवळच्या ट्रेंट पार्क या हवेलीत युद्धकाळी पकडलेले जर्मन सेनापती ठेवलेले असत, आणि भिंतींत लपवलेल्या यंत्रांतून त्यांचे बोलणे चोरून ऐकले जाई. 1947 साली त्याच खोल्यांत भावी मास्तर धडे गिरवू लागले. पुढे तातडीची योजना संपली, तरी ते विद्यालय तेथेच कायम झाले.