भाताचे पूरसहिष्णु वाण

भाताच्या पिकास उथळ पाणी मानवते. परंतु रोप शेंड्यासह बुडाले म्हणजे त्यास पुरेशी हवा व प्रकाश मिळत नाही आणि बहुतेक वाण एक-दोन आठवड्यांत नष्ट होतात. पूर्व भारत व बांगला देश यांतील सखल खाचरांवर ही आपत्ती वारंवार येते. खोल पाण्यातील पारंपरिक वाण पाण्याबरोबर उंच वाढून तग धरतात. अल्प मुदतीच्या पुरात मात्र अशी वाढच घातक ठरते. कारण तीत रोपातील कार्बोहायड्रेटांचा साठा खर्ची पडतो व पाणी ओसरताच अशक्त झालेले रोप लोळते.

याहून निराळा गुणधर्म ‘एफआर १३-ए’ या वाणात आढळला. ओडिशातील एका स्थानिक वाणातून निवड पद्धतीने तो तयार करण्यात आला होता. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने (स्थापना १९६०) १९७०–८० या दशकात घेतलेल्या चाचण्यांत तो अग्रेसर ठरला. तथापि तो उंच व कमी उत्पन्न देणारा असल्याने संकरित संततीत सहिष्णुतेबरोबर त्याचे दोषही उतरत. त्यामुळे प्रारंभीचे संकरित वाण शेतकऱ्यांत रुजले नाहीत.

केनाँग शू व डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये सहिष्णुतेचा प्रमुख आनुवंशिक घटक (सब-१) नवव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. त्यातील ‘सब-१ए’ या जनुकाची ओळख २००६ मध्ये पटली. बुडालेल्या रोपात साचणाऱ्या एथिलिनामुळे हे जनुक कार्यान्वित होते व जिबरेलिनाचा वाढीस चालना देणारा परिणाम रोखते. परिणामी रोप वाढ थांबवून साठा राखते आणि पूर ओसरल्यावर पुन्हा फुटते.

आंध्र प्रदेशात विकसित झालेल्या ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात हा घटक प्रतीप संकरणाने आणण्यात आला. प्रत्येक पिढीत जनुकखुणांच्या साहाय्याने रोपे निवडल्यामुळे ‘स्वर्णा’चे मूळ गुण कायम राहिले. ‘स्वर्णा-सब-१’ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडूनही जगू शकतो.

ओडिशातील क्षेत्रीय प्रयोगांवरील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दहा दिवस बुडालेल्या शेतांत त्याचे उत्पन्न ‘स्वर्णा’पेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक भरले. पूरप्रवण सखल जमिनी तेथे मोठ्या प्रमाणात अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे असल्याने या लाभास सामाजिक महत्त्वही आहे. दीर्घकाळ तुंबून राहणारे पाणी, क्षारता व अवर्षण यांवर मात्र हे जनुक पुरेसे नाही. त्यांसाठी लागणारे गुणही बव्हंशी स्थानिक वाणांतच शोधावे लागत असल्याने त्यांचे जतन अगत्याचे ठरते.