होतकरू खेळाडूंची पारख

नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर आहे. एके काळीं तें शेतांनीं वेढलेलें खेडें होतें. आतां शहर वाढत वाढत त्याच्या अंगणांत येऊन बसलें आहे, आणि शेताच्या बांधांच्या जागीं ले-आउटचे दगड दिसूं लागले आहेत. ज्या भूखंडांवर अद्यापि घरें उठलीं नाहींत, त्यांवर सायंकाळीं मुलें क्रिकेट खेळतात. आणि रस्त्याच्या कडेच्या पानठेल्यावर मोठीं माणसें त्याच खेळाविषयीं वाद घालतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत अरबस्तानांतील जेद्दा शहरीं आय. पी. एल.च्या खेळाडूंचा लिलाव दोन दिवस चालला, तेव्हां तर या वादास ऊत आला होता. कोणाच्या मतें अमक्या पोराला चार कोटी अधिक मिळाले, कोणाच्या मतें तमक्याला मुद्दाम डावललें. तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठीं राजस्थानच्या संघानें एक कोटी दहा लक्ष रुपये मोजले, हें ऐकून एक सेवानिवृत्त गुरुजी म्हणाले, “अहो, या वयांत आम्हांला सायकल मिळत नव्हती!” त्यावर ठेलेवाला पानाला चुना लावतां लावतां म्हणाला, “गुरुजी, पोट्ट्यांत दम आहे.” या भागांत याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं.

आम्ही त्या वादापासून अलिप्त होतों असें मुळींच नाहीं. पण घरीं परततांना मनांत आलें, कीं मिसरूडहि न फुटलेल्या मुलांचें भविष्य सांगण्याची ही हौस आपल्याकडे किती जुनी आहे? आणि या वादानें आजपर्यंत एखाद्या तरी मुलाचें भलें केलें आहे काय?

परदेशांत या पारखीला नियमांची चौकट आहे. अमेरिकेंत तेथील फुटबॉलच्या संघांनीं १९३६ सालीं होतकरू खेळाडू क्रमवार निवडण्याची रीत सुरू केली. पुढें पन्नास वर्षांनीं, १९८६ सालीं, ऑस्ट्रेलियांतील त्यांच्या खास फुटबॉललाहि ती लागू झाली. गेल्या वर्षीं जो संघ तळाला राहिला, त्यानें प्रथम निवडावें, हें या रीतीचें सर्वसाधारण तत्त्व. दुबळ्याला आधीं वाढावें, अशी ही पंगत. परंतु पंगतींतला पहिला घास नेहमींच गोड लागतो असें नाहीं. अमेरिकेच्या त्या पहिल्याच निवडींत सर्वांत आधीं ज्याचें नांव पुकारलें गेलें, तो जे बर्वांगर धंदेवाईक फुटबॉलचा एकहि सामना खेळला नाहीं!

आपल्या देशांतहि एकदां असा प्रसंग आला. २००८ च्या मार्चमध्यें विराट कोहलीच्या नेतृत्वाखालीं एकोणीस वर्षांखालील मुलांनीं क्वालालंपूर येथें जागतिक स्पर्धा जिंकली, आणि थोड्याच दिवसांत आय. पी. एल.च्या संघांनीं तीं मुलें लिलावानें नव्हे, तर पाळीपाळीनें निवडून वांटून घेतलीं. दिल्लीच्या संघाला घरचा कोहली घेतां येत असतां त्यानें प्रदीप संगवान हा डावखुरा जलद गोलंदाज पसंत केला. कोहली बंगलोरला गेला. पुढचें सर्वांस ठाऊक आहे. या गोष्टीवरून दिल्लीकरांस हंसणारे पुष्कळ भेटतात. पण सेहवाग आणि गंभीर ज्यांच्या घरीं बसलेले, त्यांस आणखी एका फलंदाजाची निकड कोठून असणार? निवडणारा आपल्या गरजेचें माप घेऊन येतो, आणि मूल त्या मापांत बसलें नाहीं, कीं आपण म्हणतों, पारख चुकली.

असो. आमच्या महाराष्ट्रांत याहून फार जुना आणि फार कडू वाद होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपियन क्लबाच्या मैदानाची निगा राखणारा एक तरुण सरावाच्या वेळीं साहेबांस चेंडू टाकीत असे. ग्रेग नांवाच्या नामांकित इंग्रज फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करून करून त्याचा डावा हात तयार झाला. हे बाळू पालवणकर. जातीनें चर्मकार, म्हणून त्या काळच्या समजुतीप्रमाणें अस्पृश्य. पुण्याच्या हिंदु क्लबाला युरोपियनांस हरवावयाचें होतें, आणि तें बाळूंवांचून होणार नव्हतें. तेव्हां त्यांस संघांत घ्यावें कीं न घ्यावें, यावर खल झाला. अखेर घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे; पण चहाची वेळ झाली, कीं सवंगड्यांस पेले आंत मिळत आणि बाळूंस बाहेर, मातीच्या भांड्यांत. चेंडूला न होणारा विटाळ पेल्याला कसा होतो, हें त्या सवंगड्यांपैकीं कोणी कोणास विचारलें असेल काय?

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बाळूंच्या गुणांविषयीं कोणालाच शंका नव्हती. १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला, तो त्यांच्या व धाकटे बंधु शिवराम यांच्या साहाय्यानें. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांबरोबर संघ विलायतेस गेला, तेथें बाळूंनीं शंभरांहून अधिक बळी मिळविले. पारख पूर्ण झाली होती, तरी कर्णधारपद कांहीं मिळेना. १९२० सालीं विठ्ठल आणि शिवराम या दोघां बंधूंनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें. वृत्तपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला. ज्यांनीं हातांत कधीं फळी धरली नव्हती, तेहि लिहूं लागले. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले, आणि तो संघ जिंकला. हा निर्णय केवळ निवड-समितीच्या शहाणपणानें झाला असें आम्हांस वाटत नाहीं. मैदानाबाहेरच्या लोकांनीं तीन वर्षें तें नांव विसरूं दिलें नाहीं, याचा त्यांत मोठा वांटा आहे. राजकारणाच्या वाऱ्याचाहि होता. गांधींची असहकारिता तेव्हां घरोघर पोंचली होती.

आतां नागपूरकडे वळूं. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं याच शहरांत झाला. १९१६ सालीं ते मुंबईस हिंदूंच्या बाजूनें खेळूं लागले. १९२६ च्या डिसेंबरांत विलायतेहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं मुंबईच्या जिमखान्यावर १५३ धांवा काढल्या, त्यांत अकरा षट्कार होते. परंतु हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला तो १९३२ च्या जूनमध्यें, आणि त्या संघाचे कर्णधार नायडू तेव्हां छत्तीस वर्षांचे होते. आज छत्तिशीच्या खेळाडूचें नांव लिलावांत निघालें, तर आमच्या ठेल्यावरचे लोक मान हालवून पुढच्या नांवाकडे वळतील. शिवाय नायडू नागपुरांत राहिले कोठें? होळकरांच्या आश्रयास ते इंदूरला गेले आणि तेथचेच झाले. गुणी मूल गांव सोडून जातें, हा नागपूरचा जुनाच अनुभव आहे.

पुढची हकीगत थोडक्यांत सांगण्यासारखीच आहे, कारण तींत सांगण्याजोगें फारसें घडलें नाहीं. रणजी स्पर्धेच्या आरंभीं, १९३४-३५ सालीं, मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ खेळला. १९५७-५८ पासून विदर्भ या नांवानें संघ उतरूं लागला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर १९६९ सालीं कसोटी सामनाहि झाला. लोक डबे बांधून सामने पाहावयास जात. पण भारतीय संघांत विदर्भाचा खेळाडू पाहण्याचा योग त्यांस येत नसे. मुंबई-दिल्लीच्या मैदानांवर निवडणाऱ्यांची नजर रोज पडते. येथें ती सामन्यापुरती येई आणि सामना संपतांच परत जाई.

ही कोंडी फोडली उमेश यादवनें. कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्याचा हा मुलगा. फौजेंत आणि पोलिसांत जाण्याची खटपट करून पाहिली, ती फसली. विशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याची ओळख टेनिसच्या चेंडूशीं. चामड्याचा चेंडू त्यानंतर हातीं आला. विदर्भाचे तेव्हांचे कर्णधार प्रीतम गंधे यांनीं तो वेग ओळखला, २००८ सालीं तो रणजी खेळला आणि २०११ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटींत उतरला. विदर्भाकडून खेळतां खेळतां कसोटीपर्यंत पोंचलेला हा पहिला खेळाडू. पंधराव्या वर्षीं त्याला पाहून कोणत्याहि विद्वानानें हें भाकीत केलें नसतें, कारण तेव्हां पाहण्याजोगें कांहीं कोणाच्या डोळ्यांसमोर आलेंच नव्हतें.

फैज फजल यांच्या वांट्याला निराळें नशीब आलें. २०१६ सालीं हरारे येथें भारतासाठीं ते एक दिवसाचा सामना खेळले, नाबाद ५५ धांवा काढल्या, आणि पुन्हां त्यांस बोलावणें आलें नाहीं. पण त्यांच्याच नेतृत्वाखालीं विदर्भानें २०१८ च्या पहिल्या दिवशीं दिल्लीला नऊ गडी राखून हरविलें आणि रणजी करंडक प्रथमच मिळविला. उपान्त्य सामन्यांत कर्नाटकावर पांच धांवांनीं निसटता विजय मिळवून देणारा आणि अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबानी हा शिक्षणानें इंजिनियर. आणि हा विजय झाला कोठें? इंदूरच्या, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर! नायडूंस घेऊन गेलेल्या इंदुरानें शतकानंतर व्याजासह कांहीं परत केलें, असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें.

तेव्हांपासून पानठेल्यावरचा सूर बदलला. पूर्वीं ‘आपल्याकडे कोणी पाहील काय’ हा प्रश्न असे. आतां ‘किती देतील’ हा असतो. अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ सालीं मुंबईच्या संघानें दहा लाखांस घेतला आणि एकहि सामना न खेळवितां सोडला. २०२२ सालीं पंजाबनें त्याला वीस लाखांस घेतलें. २०२४ सालीं बंगलोरनें अकरा कोटींस. मनुष्य तोच, हात तेच, डोळेहि तेच. नागपूरच्या शुभम दुबेची मूळ किंमत वीस लाख होती. २०२३ च्या डिसेंबरांत राजस्थाननें ती पांच कोटी ऐंशी लाखांपर्यंत नेली. त्या रात्रीं हुडकेश्वरांत कोणी फटाके उडविले, तर कोणी चिंताक्रान्त होऊन म्हणाले, कीं एवढ्या पैशाचें ओझें घेऊन पोर धांवेल कसें? ही दुसरी चिंता आम्हांस अधिक आपुलकीची वाटली. नांव घेऊन भांडणाऱ्या माणसांनीं एकदां विठ्ठलांना कर्णधार केलें. आकडा घेऊन भांडणारे एखाद्या मुलाचें काय करतील, हें अद्यापि दिसावयाचें आहे.

आणि तरी आकड्यांतून निसटणारे असतातच. २०२४-२५ च्या रणजी हंगामांत हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें ६९ बळी घेतले. एका हंगामांत इतके बळी तोंपर्यंत कोणींहि घेतले नव्हते. तो २०२५ च्या आय. पी. एल.च्या आरंभीं एकाहि संघांत नव्हता. मे महिन्यांत, दुसऱ्या एका खेळाडूची जागा रिकामी झाली, तेव्हां हैदराबादनें त्याला बोलाविलें.

त्याच हंगामाचा अंतिम सामना फेब्रुवारी-मार्चमध्यें वर्धा मार्गावरील जामठ्याच्या मैदानावर केरळाविरुद्ध झाला. सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावांतील ३७९ विरुद्ध ३४२ अशा आघाडीवर विदर्भाला करंडक तिसऱ्यांदा मिळाला. पहिल्या डावांत एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारनें १५३ धांवा काढल्या होत्या. नायडूंच्या त्या डावाचा आणि या डावाचा आकडा एकच, हें आमच्या ध्यानांत आलें आणि संध्याकाळीं आम्हीं तें मोठ्या उत्साहानें ठेल्यावर सांगितलें. गुरुजींनीं चष्मा कपाळावर सरकविला आणि विचारलें, “नायडूंचे षट्कार अकरा होते. याचे किती?” ठेलेवाल्यानें हातांतलें पान तसेंच धरलें, कोपऱ्यांतला एक विद्यार्थी मोबाइलमध्यें धुंडाळूं लागला, आणि वाद पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला.