कॅप्सूलमधली दुग्धशर्करा : ब्रिस्बेन, १९६८

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याची राजधानी ब्रिस्बेन. १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत तेथील डॉक्टरांकडे अपस्माराचे जुने रुग्ण एक निराळीच तक्रार घेऊन येऊ लागले. झटके वाढल्याची ती तक्रार नव्हती. चालताना तोल जातो, एकाच्या जागी दोन माणसे दिसतात, बोलताना जीभ जड होते, दिवसभर गुंगी असते, असे ते सांगत. डोळे बाजूला वळवायला सांगितले की बुबुळे थरथरू लागत. फेनिटॉइन हे औषध रक्तात प्रमाणाबाहेर साठले की नेमकी हीच लक्षणे दिसतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. कोडे होते ते वेगळेच. या रुग्णांच्या औषधाची मात्रा कोणी वाढवलेली नव्हती. ज्या मात्रेवर त्यांचे चांगले चालले होते, तीच मात्रा, तेच औषध, तीच कॅप्सूल ते घेत होते.

अशा वेळी पहिला संशय कोणावर जातो, हे सांगायला नको. रुग्णाने चुकून दोनदा घेतले असेल, विसरून पुन्हा घेतले असेल. 'अपस्मार' या शब्दातच स्मृती नाहीशी होण्याचा अर्थ असल्याने, या माणसांच्या आठवणीवर विश्वास ठेवण्याची आपल्याला मुळातच सवय नाही. मराठीत या आजाराला फेफरे, मिरगी, आकडी, घुरे अशी नावे आहेत आणि आता 'फिट येणे' हा शब्द त्या सर्वांवर मात करून बसला आहे. यांतले एकही नाव रुग्णाच्या बाजूने बोलत नाही. सगळी नावे पाहणाऱ्याने ठेवलेली आहेत. ज्याला झटका येतो, त्याला तो दिसत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलटी असते. आज काहीतरी बिनसले आहे, हे सर्वांत आधी त्यालाच कळते.

ब्रिस्बेनच्या प्रकरणाकडे वळण्याआधी या औषधाची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. अपस्मारावरचे पहिले खरोखर उपयोगी पडलेले आधुनिक औषध म्हणजे ब्रोमाइड. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा उल्लेख केला. झटके कमी होत, पण माणूस सुस्त होई. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टराने झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या फेनोबार्बिटलने झटकेही कमी होतात, हे दाखवून दिले. (हे हाउप्टमान ज्यू होते. पुढे नाझी राजवटीत त्यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले. औषधाच्या इतिहासात ही ओळ बहुधा येत नाही, म्हणून इथे नोंदवली.) या दोन्ही औषधांमुळे एक समजूत पक्की झाली. झटका थांबवायचा तर माणसाला गुंगवले पाहिजे.

ही समजूत मोडली ती फेनिटॉइनने. हे रसायन १९०८ मध्ये हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तयार केले होते. त्याने झोप येत नाही, म्हणजे ते निरुपयोगी, असे समजून ते बाजूला पडले. तीस वर्षांनी बॉस्टनमध्ये ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचा धक्का देऊन कृत्रिम झटका आणण्याची पद्धत वापरली आणि एकामागून एक रसायने तपासली. पार्क-डेव्हिस कंपनीने पाठवलेल्या रसायनांमधले फेनिटॉइन या कसोटीला उतरले. १९३८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी औषध बाजारात आले. झोप न आणता झटका रोखता येतो, हे कळल्यावर या रुग्णांना शाळा, नोकरी, संसार या गोष्टी निदान कल्पनेत तरी शक्य झाल्या. पुढची तीस वर्षे हे औषध जगभर लक्षावधी लोकांनी रोज, न चुकता घेतले. यात ब्रिस्बेनचे लोकही होते.

आता मूळ प्रकरण. टायरर, ईडी, सदरलँड आणि हूपर या चौघांनी रुग्णांच्या रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण मोजले. ते बऱ्याच जणांत सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले होते. ही मर्यादा साधारणपणे एका मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम अशी मानतात. हे रुग्ण एकाच कंपनीची कॅप्सूल घेत होते. कॅप्सूलमध्ये फेनिटॉइन किती, तर लेबलवर लिहिले होते तितकेच, १०० मिलिग्रॅम. त्यात कसलीही गफलत नव्हती. बदलले होते ते दुसरेच काही. १०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नव्हे. एवढ्याशा भुकटीने कॅप्सूल भरत नाही, म्हणून तिच्यात एखादे भरणद्रव्य घालतात. पूर्वी त्यासाठी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपल्या ओळखीचे जिप्सम, वापरत. कंपनीने त्याऐवजी दुग्धशर्करा वापरायला सुरुवात केली होती. दुधातली साखर. तान्ह्या बाळालाही चालणारा पदार्थ.

१९७० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या चौघांचा लेख आला. त्यानंतर १९७२ मध्ये बॉकनर आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पडताळून पाहिली. जिप्सम असलेली कॅप्सूल आणि दुग्धशर्करा असलेली कॅप्सूल यांची अदलाबदल केली की रक्तातील औषधाचे प्रमाण त्याप्रमाणे खाली-वर जाते, असे दिसले. जिप्सम असताना फेनिटॉइनचा काही भाग आतड्यात शोषला न जाता तसाच निघून जाई. दुग्धशर्करा पाण्यात चटकन विरघळते, त्यामुळे औषधही सहज मोकळे होऊन रक्तात उतरे.

पण थोडेसे जास्त शोषले गेले म्हणून माणूस तोल जाऊन पडावा, हे कसे? त्याचे उत्तर फेनिटॉइनच्या स्वभावात आहे. यकृतातील एक यंत्रणा या औषधाचा निचरा करते आणि तिची क्षमता ठरलेली असते. नहाणीघराच्या मोरीची कल्पना करावी. मोरीतून मिनिटाला एक तांब्या पाणी जात असेल आणि आपण तेवढेच ओतत असलो, तर फरशी कोरडी राहते. मिनिटाला सव्वा तांब्या ओतू लागलो, तर फरशीवर सव्वापट पाणी दिसत नाही. पाणी साचतच जाते आणि शेवटी उंबरा ओलांडते. फेनिटॉइनच्या बाबतीत मात्रेतली लहानशी वाढ रक्तात फार मोठी होऊन दिसते. बहुतेक औषधे अशी नसतात. म्हणूनच भरणद्रव्यातला बदल एरवी कदाचित कुणाच्या लक्षातही आला नसता. तो बदल या विशिष्ट औषधाच्या शेजारी येऊन पडला, आणि ब्रिस्बेनला माणसे झोकांड्या देऊ लागली.

औषधनिर्मितीच्या परिभाषेत या भरणद्रव्यांना 'निष्क्रिय घटक' म्हणत आणि आजही म्हणतात. आम्ही भाषेचे अध्यापक असल्याने या शब्दाशी थोडे थांबावेसे वाटते. 'निष्क्रिय' हे वर्णन नाही, ते एक आश्वासन आहे. याच्याकडे पाहायची गरज नाही, असे ते सांगते. शब्द असा रुळला की त्या शब्दाखालची वस्तू बदलली, तरी बदल झाला असे कोणाला वाटत नाही. कॅप्सूल बदलली होती, पण भाषेच्या हिशेबाने ती बदललेली नव्हती. नाव तेच, आकडा तोच. रुग्णाने 'मी तेच औषध घेतोय' असे सांगितले तेव्हा तो खरेच बोलत होता.

आपल्याकडे आयुर्वेदात 'अनुपान' ही संकल्पना आहे. औषध मधातून, तुपातून की कोमट पाण्यातून घ्यायचे, याला तिथे औषधाइतकेच महत्त्व असते. 'आमच्या पूर्वजांना हे आधीच माहीत होते' असे म्हणण्याचा मोह इथे होतो, आणि तो आवरलेला बरा. जिप्सम आणि फेनिटॉइन यांचे नाते रक्त तपासल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. एवढे मात्र म्हणता येईल की ज्या भाषेत 'अनुपान' हा शब्द घरोघरी बोलला जातो, तिला 'निष्क्रिय घटक' या शब्दाचा संशय येणे अवघड नसावे.

या प्रकरणातली आमच्या मते सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दोन कॅप्सूलपैकी सदोष कोणती? झटकन उत्तर येते : नवी, कारण तिने विषबाधा केली. पण लेबलवर १०० मिलिग्रॅम लिहिलेले औषध शरीराला अधिक प्रामाणिकपणे पोचवत होती ती नवीच. आपला शब्द पुरा न पाळणारी होती ती जुनी. मात्र डॉक्टरांनी आणि रुग्णांनी वर्षानुवर्षे मात्रा ठरवली होती ती त्या जुन्या, थोडे हातचे राखणाऱ्या कॅप्सूलच्या मापाने. कोणाला तीन पुरत, कोणाला चार. ती संख्या म्हणजे एका उणिवेशी केलेली तडजोड होती, आणि ती उणीव कोणालाच माहीत नव्हती. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एखादा भ्रष्ट पाठ पिढ्यान्पिढ्या गायला जातो, त्यावर चाल बसते, अर्थ बसतो, श्रद्धा बसते. मग कोणी संपादक शुद्ध पाठ छापतो, आणि गाणाऱ्याचा ठेका चुकतो. फरक इतकाच की ग्रंथाच्या बाबतीत ठेका चुकल्याने कोणी जिन्यावरून पडत नाही.

या अनुभवाने औषधनियंत्रणाच्या विचारात भर पडली. दोन गोळ्यांत औषध सारखेच असणे पुरेसे नाही, रक्तातही ते सारखेच पोचायला हवे, या तत्त्वाच्या चर्चेत ब्रिस्बेनचा दाखला वारंवार दिला जातो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये अपस्मारावरील औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन ही पहिल्या गटात आली. यांवर असलेल्या रुग्णाला शक्यतो एकाच उत्पादकाचे औषध मिळत राहावे, असे सांगण्यात आले.

या शहाणपणाचीही किंमत द्यावी लागली, आणि ती अगदी शब्दशः. ब्रिटनमध्ये फायझर कंपनीची फेनिटॉइनची कॅप्सूल २०१२ मध्ये व्यापारी नाव काढून फ्लिन या दुसऱ्या कंपनीमार्फत विकली जाऊ लागली. १०० मिलिग्रॅमच्या ज्या पाकिटाला सरकारी आरोग्यसेवा २ पौंड ८३ पेन्स देत होती, त्याला ६७ पौंड ५० पेन्स मोजावे लागले. रुग्णांना दुसऱ्या कॅप्सूलवर नेणे धोक्याचे, त्यामुळे गिऱ्हाईक कुठे जाणार नाही, हे उघड होते. तेथील स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०१६ मध्ये फायझरला ८ कोटी ४२ लाख पौंड आणि फ्लिनला ५२ लाख पौंड दंड केला. तो दंड पुढे अपिलात रद्द झाला, मग २०२२ मध्ये फेरनिर्णय झाला, असा हा वाद कितीतरी वर्षे चालला. १९६८ मध्ये बदल झाल्यामुळे रुग्ण अडचणीत आले. २०१२ मध्ये बदल करता येत नाही, यामुळे त्यांचा देश अडचणीत आला.

म्हणून काही प्रत्येक नवी किंवा स्वस्त गोळी संशयास्पद ठरत नाही. तसा सूर लावणारे लेखन पुष्कळ होते आणि त्यामागे महाग औषध विकणाऱ्यांचे हित असू शकते. लॅमोट्रिजिन या अपस्मारावरच्याच दुसऱ्या औषधाच्या, एकमेकींपासून जास्तीत जास्त वेगळ्या अशा दोन जेनेरिक गोळ्या घेऊन अमेरिकेत अभ्यास झाला. रुग्णांना एकीवरून दुसरीवर आणि पुन्हा पहिलीवर नेले, तरी रक्तातील प्रमाणात विशेष फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅमोट्रिजिनची मोरी फेनिटॉइनसारखी तुंबत नाही. औषधागणिक उत्तर बदलते, आणि रुग्णाला हेच समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटतो, किंवा सुटल्यासारखा दिसतो. 'ती कंपनी संपली, ही न्या, सेमच आहे' हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळा. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाने डॉक्टरांनी औषधे मूळ नावानेच लिहावीत असा नियम आणला. ज्या औषधांत गुण आणि अपाय यांतले अंतर थोडे असते, त्यांना त्यात सवलत ठेवली होती. त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती बहुतेक किमतीची आणि डॉक्टर-कंपनी संबंधांची झाली. त्या सवलतीच्या ओळीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ब्रिस्बेनच्या त्या चौघांपैकी मर्विन ईडी पुढे या आजाराचेच इतिहासकार झाले. पीटर ब्लेडिन यांच्यासह लिहिलेला त्यांचा अपस्मारविषयक वैद्यकीय विचारांचा इतिहास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीकांनी या आजाराला 'पवित्र' म्हटले होते, तो शब्द त्यांनी ग्रंथाच्या शीर्षकात ठेवला आहे. तो वाचून झाल्यावर आम्ही घरातल्या औषधांच्या डब्यातल्या पट्ट्या उलटून पाहिल्या. मुख्य औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम ठळक अक्षरांत. रंगाचे नाव छापलेले. आणि बाकी जे काही त्या गोळीत भरले आहे, त्यासाठी बहुतेक पट्ट्यांवर एकच शब्द आणि त्यापुढे दोन अक्षरे : 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' ही अक्षरे लॅटिन आहेत. त्यांचा अर्थ, पुरेल तितके.