शंकरशेट, जगन्नाथ
(१० फेब्रुवारी १८०३–३१ जुलै १८६५). मुंबईचे व्यापारी, शिक्षणप्रसारक व विधिमंडळाचे सभासद. मूळ आडनाव मुरकुटे. नाना शंकरशेट म्हणूनच लोक ओळखतात. जन्म मुरबाड (जि. ठाणे) येथे, दैवज्ञ कुटुंबात. वडिलांचा व्यापार त्यांनी वाढवला. पेढीची पत अशी, की अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करीत. हीच पत पुढे सार्वजनिक कामांत भांडवल ठरली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे गाडी धावली.  

गिरगावात त्यांच्या वाड्यातच मुलींची शाळा भरे. लोकनिंदेला न जुमानता ती त्यांनी चालू ठेवली. सतीबंदीला त्यांचा पाठिंबा होता, तसेच सोनापूरची स्मशानभूमी हलवू नये म्हणून ते सरकारशी भांडलेही. त्यांना निव्वळ सुधारक म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक संस्थापक. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. तेव्हा निवडणुका नव्हत्या, गव्हर्नर सभासद नेमी. संस्कृतमध्ये मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्यास मिळणारी शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाची.