माळ तुटली म्हणून मोडू नका

नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहूनही ठेवतेय, म्हणजे ज्यांना आवाज लावता येत नाही त्यांनी वाचावा.

आजचा विषय तुमच्या घरातल्या कपाटात आहे. आजीची बोरमाळ, पणजीच्या पुतळ्या, ठुशी, मोत्यांची नथ. यातलं काहीतरी एक दिवस तुटतं. मग कोणीतरी म्हणतं, "जुनं झालंय, मोडीत देऊ आणि नवीन काहीतरी करू." आजचा भाग या एका वाक्याबद्दल आहे.

सोन्याला गंज चढत नाही. तीनशे वर्षं जमिनीत पुरलेलं नाणं धुतलं की पिवळंधम्मक निघतं. मग माळ तुटते कशी? तर सोनं तुटत नाही, दोरा तुटतो. चेपते ती आतली लाख सुटलेली पोकळ वाटी. आपल्या जुन्या दागिन्यांचं आयुष्य सोन्यापेक्षा या दोन स्वस्त गोष्टींवर ठरतं आणि मोडीच्या तराजूत या दोघींना किंमत शून्य.

पुतळीपासून सुरुवात करू. पुतळ्यांची माळ म्हणजे गोल चपट्या नाण्यांची माळ. या नाण्याचं मूळ थेट इटलीतल्या व्हेनिस शहरात आहे. तिथे १२८४ साली 'डुकाट' नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात झाली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या मधोमध येशू. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं राज्य संपवलं, तोपर्यंत, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं, हे चित्र फारसं बदललंच नाही.

व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना मिरी आणि मसाले हवे होते. त्या बदल्यात ही नाणी इजिप्त, तांबडा समुद्र अशी फिरत आपल्या किनाऱ्यावर आली. नाण्यावर माणसांच्या बाहुल्या, म्हणून नाव पडलं पुतळी. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, तिच्यातही पुतळ्या आहेत. पुढे इथल्या सोनारांनी तशाच टिकल्या घडवल्या. आज सराफाकडे मिळणाऱ्या पुतळीवर बहुतेक वेळा लक्ष्मी असते. म्हणजे संत मार्कच्या जागी लक्ष्मी आली, तरी नाव पुतळीच राहिलं!

आता विचार करा, नाणी आणि मणी दोऱ्यातच का ओवायचे? एकसंध हार का नाही? कारण माळ वाढवता येते. हातात पैसे आले की एक पुतळी घ्यायची. अडचण आली की दोन काढायच्या. आणि वाटणीही करता येते. आमच्याकडे एकवीस पुतळ्यांची माळ दोन बहिणींत वाटली गेली. एकीकडे अकरा, दुसरीकडे दहा. त्या अकराव्या पुतळीवरून दोघी वर्षभर बोलत नव्हत्या, ते सोडा! पण दोन्ही घरांत आज माळ आहे. एकसंध हार असता तर तो वितळवूनच वाटावा लागला असता.

आणि दोऱ्याचं काम सोनाराचं नव्हे. ते करणारे पटवेकरी. रेशमी दोऱ्यात मणी गाठून द्यायचे, मागे गोंडा करायचा, सरकती गाठ बसवायची, ही त्यांची कला. ठुशी गळ्याला घट्ट बसते ती या गाठणकामामुळे. दागिना तुटला की पहिली चौकशी पटवेकऱ्याची करा. मोठ्या गावांच्या सराफकट्ट्यात अजून कोणी ना कोणी गाठून देणारा सापडतो.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे लाख. झाडावरच्या बारीक किड्यांपासून मिळणारा हा राळेसारखा पदार्थ. बोरमाळेचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या अनेकदा आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात मोठा दागिना दिसतो आणि पातळ पत्रा चेपत नाही. पण लाख उष्णतेने मऊ होते, पाणी उकळण्याच्या बरंच आधी. म्हणून असा दागिना उकळत्या पाण्यात टाकू नका. डाग द्यायचा असेल तर सोनाराला आधीच सांगा, आत लाख आहे. आणि विकत घेताना पावतीवर सोन्याचं वजन आणि लाखेचं वजन वेगळं लिहून मागा.

तिसरी गोष्ट मोती. जुन्या नथीत बसरा मोती असू शकतात. हे इराणच्या आखातातल्या शिंपल्यांतून निघत. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतो यांनी अर्धगोल मोती शिंपल्यात तयार करून दाखवला. पुढे गोल संवर्धित मोती बाजारात आले, जगभर मंदी आली आणि १९३०च्या दशकात आखाताचा मोत्यांचा धंदा कोसळला. म्हणून 'मोती पिवळे पडलेत, बदलून देतो' असं कोणी म्हणालं, तर हो म्हणायच्या आधी तपासून घ्या. गेलेला बसरा मोती परत मिळणं कठीण.

मोती म्हणजे मुख्यतः चुनखडीचाच प्रकार. लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर त्याला खातात. सगळा साज झाल्यावर मोती घाला, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढा. मऊ सुती कापडाने पुसा आणि कापडातच आडवे ठेवा. टांगून ठेवले तर दोरा ताणतो.

सोन्याचं म्हणाल, तर लाख आणि मोती नसलेल्या पाटल्या-बांगड्या कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्ट नको. तिच्यातले कण सोन्यावर ओरखडे पाडतात. दोऱ्यातली माळ भिजवू नका, दोरा ओला राहून आतून कुजतो. रोज घालत असाल तर दोरा सैल होताच पुन्हा गाठून घ्या, तुटायची वाट बघू नका.

आणि एक. 'जुनं म्हणजे बावनकशी' हेही गृहीत धरू नका. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट काही वर्षांत गेली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता. हॉलमार्क तर २०००नंतरचा. त्यामुळे आजीच्या दागिन्यावर शिक्का नसणारच. शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरत नाही आणि जुना म्हणून तो २२ कॅरटही ठरत नाही. कस लावून घ्या, मग बोला.

मोडायचंच नाही, असं मी म्हणत नाही. फी भरायची असेल, दवाखाना असेल, तर सोनं त्यासाठीच असतं. आपल्या आज्यांनी ते त्यासाठीच जमवलं. पण नुसता दोरा तुटला म्हणून माळ वितळवू नका. नवा दोरा त्या सोन्याच्या तुलनेत फुकटच आहे.

या आठवड्यात एवढं करा. घरातला एक जुना दागिना बाहेर काढा, मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि तो कोणी, कधी, कशासाठी केला ते घरातल्या मोठ्यांना विचारून रेकॉर्ड करून ठेवा. वजन सोनार कधीही सांगेल, ही माहिती तो सांगू शकणार नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!