लाकडी स्पेसर (कार्बोरेटरखालचा)

कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसवायचा, आरपार भोकाचा लाकडी ठोकळा. इंजिनाची धग पेट्रोलपर्यंत पोचू न देणे एवढेच त्याचे काम. ताकद वाढवण्याचे श्रेय त्याला देऊ नये. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पेट्रोलमधले हलके घटक साधारण 35 ते 40 अंशांनाच उकळू लागतात. लोहा-अहमदपूरमार्गे धावत आलेली, कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा 1489 सीसीची अॅम्बेसेडर चहाला थांबली, की वारा आणि पंखा दोन्ही बंद पडतात, धग वर चढते, फ्लोट चेंबर उकळते आणि नंतर सेल्फ मारत बसावे लागते. ओतीव अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे शंभर वॅटच्या वर असते, सागाची धाग्याला आडवी मोजली तर 0.2 च्या आतबाहेर. म्हणून बोटभर जाडीचा सागही पुरतो.

किनवट-माहूरचे सागाचे जंगल याच भागातले, त्यामुळे साग सुचणे साहजिक आहे. जुने पॅकिंग फळीवर ठेवून आखणी करतात. फळी आडवी धरावी. धागा उभा राहिला तर धगही सहज चढते आणि पेट्रोलही आत झिरपते. भोक मॅनिफोल्डच्या तोंडाशी तंतोतंत जुळवून कडा गुळगुळीत कराव्यात, कारण सुटलेली ढलपी थेट सिलिंडरात जाते. दोन्ही तोंडे काचेवर पॉलिशपेपर अंथरून सपाट घासायची, दोन्हीकडे पॅकिंग घालायचे आणि स्टड लांब घ्यायचे.

लाकूड पेटेल, हा नेहमीचा आक्षेप. ते पेट घेते अडीचशे अंशांपुढे, आणि त्या जागी एवढी उष्णता येत नाही. खरा दोष वेगळाच आहे: लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, नटाखाली हळूहळू दबते. मग फटीतून हवा खेचली जाते, मिश्रण पातळ होते, आयडलिंग वरखाली होते. पहिल्या गरमीनंतर नट पुन्हा आवळणे त्यासाठीच. जाडी आणि भोके ठरवण्यापुरता लाकडी नमुना उत्तम. कायमचा तुकडा हायलम या बेकेलाइटच्या जातीच्या शीटचाच कापावा. गाड्यांचे कारखानेही या जागी बेकेलाइटच्या जातीचेच तुकडे वापरत आले. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरच्या गाडीत मात्र हा खटाटोप व्यर्थ. तिथे पेट्रोल दाबाखाली थेट व्हॉल्व्हजवळ फवारले जाते, त्यामुळे ते वाटेत उकळण्याचा प्रश्न फारसा येत नाही, आणि थ्रॉटलमधून हवा इतक्या वेगाने जाते की खालच्या ठोकळ्याने ती थंड राहिली असे म्हणण्याजोगा फरक पडत नाही.